घोंगडीला बाह्या

परभणी जिल्ह्यात थंडी पडते, हे पुण्या-मुंबईच्या पाहुण्याला पटवून देणं अवघड जातं. मराठवाडा म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे टँकर उभा राहतो. डिसेंबर-जानेवारीत वर्तमानपत्रात 'परभणी गारठली' अशी दोन कॉलमी बातमी येते, तिच्यात कृषी विद्यापीठात नोंदवलेला पाच-सहा अंशांचा आकडा असतो, आणि महाबळेश्वरला स्वेटरांची बॅग घेऊन गेलेला माणूस ती वाचून म्हणतो, छापण्यात चूक दिसते. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आम्ही एरवी कशावरूनही म्हणत असतो. हिवाळ्यात त्याला थर्मामीटरचा दाखला मिळतो.

येलदरीचा गारठा त्यातही निराळा, कारण इथे वारा पाण्यावरून येतो. पूर्णा नदीला आडवं घातलेलं हे मातीचं धरण १९६८ साली पुरं झालं. पायथ्याशी साडेसात मेगावॉटचे तीन संच आहेत. त्यांची वीज तारांवरून लांब निघून जाते. वारा मात्र गावातच मुक्कामाला राहतो. पहाटे जिंतूरच्या एसटीसाठी उभी असलेली माणसं अशा वेळी निरखण्यासारखी असतात. कोणी टॉवेल कानांवरून घेऊन हनुवटीखाली गाठ मारलेली, कोणाच्या अंगावर सोलापुरी चादर, कोणी घाईत बायकोची शाल उचलून आणलेली आणि ती कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून उलटी घेतलेली. एक गृहस्थ स्वेटरवरून शर्ट घालतात. स्वेटर मळू नये, हा त्यांचा हेतू. कोट मात्र कोणाच्याही अंगावर नसतो.

कोट आमच्याकडे नाही असं नाही. पण तो उन्हाळ्यात घालायचा असतो. लग्नं एप्रिल-मेमधली. बेचाळीस अंशांच्या उन्हात, बँडच्या मागे, थ्री-पीस सुटात घोड्यावर बसलेला नवरदेव मी दर वर्षी बघतो. त्याच्यापेक्षा घोडा सुखी दिसतो. वकील काळ्या कोटात, रेल्वेतला टीसी काळ्या कोटात. त्याच्याही आधी, सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, तेव्हा भारदस्त माणसाच्या अंगावर गळ्यापर्यंत बटणं लावलेली शेरवानी असे. म्हणजे लग्न, खटला, दंड आणि दरबार अशा, जिथून माणसाला सहजी सुटता येत नाही त्या जागी आमच्याकडे कोट येतो. थंडी त्या यादीत कधी नव्हती. थंडी आली की काहीतरी पांघरायचं आणि शेकोटीकडे सरकायचं.

आणि पांघरुणात घोंगडीच्या वर काही नाही, हे इथे शाळकरी पोरही सांगेल. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, राठ. मेरिनो मेंढीच्या लोकरीचे गोडवे गाणाऱ्यांनी ती गालाला लावून बघावी. दोन दिवस गाल लाल राहील. पण हीच लोकर पाऊस अंगावरून घसरवते. लोकरीत मुळातच तेलकटपणा असतो, आणि आपल्या वजनाच्या जवळपास एक तृतीयांश दमटपणा ती हाताला ओली न लागता पोटात घेते. घेताना थोडी ऊबही सोडते. मेंढ्यांमागे भर पावसात उभा असलेला धनगर कुडकुडताना का दिसत नाही, त्याचं हे कारण. घोंगडी तो पांघरतो, अंथरतो, तिच्यात नुकतं जन्मलेलं कोकरू गुंडाळून आणतो, पाहुणा आला की तिची बैठक करतो. सर आली की एका कोपऱ्याशी घडी घालून तिची खोळ करतो आणि डोक्यावर घेतो. झाला टोपीसकट कोट. शिंपी नाही, बटण नाही, माप नाही. त्या खोळीत बापाच्या बगलेखाली पोरगंही मावतं.

एवढं सगळं डोळ्यांनी बघून, वर ते इतरांना समजावून सांगून झाल्यावरही माझ्या मनाने घेतलं की घोंगडीच्या कापडाचा कोट शिवायचा. कापड घरच्या लोकरीचं, रंग हाताने दिलेला, विणाई हातमागाची. घरी हे सांगितलं तेव्हा कोणी विरोध केला नाही. माझे बेत आपोआप विरतात यावर घरच्यांचा फार विश्वास आहे.

त्याची सुरुवात एका बांधावर झाली. हिवाळा सरत आला की धरणाचं पाणी मागे हटतं, उघड्या पडलेल्या गाळावर हिरवं उगवतं आणि मेंढ्यांचे कळप त्या बाजूला सरकतात. रात्री कोणाच्या तरी रानात मेंढ्या बसवायच्या, शेतकऱ्याला लेंडीखत, धनगराला धान्य किंवा पैसे, हा व्यवहार अजून चालतो. असाच एक वाडा आमच्या शिवाराशेजारी उतरला होता. कातरणी झालेली होती, आणि कातरलेली लोकर बांधाला ढिगाने पडली होती. वाऱ्याने तिचे पुंजके बाभळीच्या काट्यांना लटकले होते.

"मामा, ही लोकर अशी काहून टाकून देली?" मी विचारलं.

"मग काय करू सर? घेतंय कोण? कातरणाऱ्याची मजुरी मी देलो, आता उचलायची मजुरी कोण देईल?"

मेंढी वर्षाला दोनदा कातरावीच लागते, नाहीतर तिला त्रास होतो. दोन्ही कातरण्या मिळून एका मेंढीची लोकर जेमतेम अर्धा-पाऊण किलो. एका घोंगडीत चार-पाच मेंढ्यांचं वर्ष जातं. ती लोकर पूर्वी विकली जाई. धनगरणी चातीवर किंवा चरख्यावर सूत काढत, सनगर ते विणत. आता कळपांत मटणाला भारी आणि लोकरीला नावापुरती अशी माडग्याळसारखी जनावरं शिरली आहेत, कारण मटणाला भाव आहे. मामांना दोष देण्यात अर्थ नाही. लोकरीने कोणाचं पोट भरत नाही, असं मेंढीचंही मत असेल.

लोकरीला गिऱ्हाईक का राहिलं नाही, याचा माग काढत गेलं की माणूस पानिपतला पोचतो. १८१३ साली इंग्लंडात, यॉर्कशायरमधल्या बॅटली गावी, बेंजामिन लॉ नावाच्या माणसाने जुने लोकरी कपडे फाडून, पिंजून, त्यांचं पुन्हा कापड करायची युक्ती काढली. ती युक्ती कालांतराने आपल्याकडे येऊन हरियाणातल्या पानिपतला स्थायिक झाली. थंड देशांतले टाकून दिलेले कोट आणि स्वेटर तिथे गठ्ठ्यांनी उतरतात. त्यांची बटणं आणि चेन काढतात, रंगवार ढीग लावतात, यंत्राने चिंध्या करतात आणि त्यांच्या सुताची स्वस्त कांबळी निघतात. पुरात, भूकंपात आणि निवडणुकीच्या आदल्या रात्री वाटायला अशीच स्वस्त कांबळी लागतात. आता पानिपत म्हटल्यावर मराठी माणसाने काय बोलावं! १४ जानेवारी १७६१ ला, ऐन संक्रांतीच्या दिवसांत, आमची फौज तिथे अर्धपोटी आणि उत्तरेच्या थंडीला न पुरणाऱ्या कपड्यांत उभी होती. अडीचशे वर्षांनी त्याच गावच्या कांबळ्याने आमच्या घोंगडीला बाजारातून उठवलं. भाऊसाहेबांना निदान समोर शत्रू दिसत तरी होता.

तिकडे कोटाचं कांबळं होतं, तर आपण इकडे कांबळ्याचा कोट करावा, म्हणजे हिशेब फिटेल, हा माझा युक्तिवाद. मामांना तो पटला नाही, पण लोकर त्यांनी पोत्याने दिली आणि पैसे घेताना असे लाजले की जणू मीच त्यांच्यावर उपकार करत होतो. मामींनी सूत काढून द्यायचं कबूल केलं. फक्त एकदा विचारलं, "घोंगडी चांगली असताना तिला कापायचं काहून?" त्या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं आणि पानिपताचा इतिहास सांगून त्यांचं समाधान होण्यासारखं नव्हतं.

रंगाच्या भानगडीत मी स्वतः पडलो. पुस्तकांत ते फार सोपं असतं. लोकर रिठ्याच्या कोमट पाण्यात धुवायची, तुरटीच्या पाण्यात मंद आचेवर ठेवायची म्हणजे ती रंग धरते, मग रंगाच्या पाण्यात हळूहळू तापवायची, हळूहळू निवू द्यायची. घाई चालत नाही. गरम लोकर एकदम गार पाण्यात टाकली किंवा फार घुसळली की तंतू एकमेकांत गुंततात आणि सुताचा नमदा होतो. सुती कापडावर रंग बसवताना माणसाला जी खटपट करावी लागते ती लोकरीला लागत नाही; ती प्राणिज असल्यामुळे रंग आपण होऊन ओढून घेते. आणि रंग आमच्याकडे काय कमी आहेत? होळीच्या सुमाराला पळस पेटतो, त्याच्या फुलांचा पिवळा-केशरी. डाळिंबाच्या सालीचा पिवळा. बाभळीच्या सालीचा तांबूस तपकिरी, आणि त्यात हिराकस टाकला की तोच काळसर. मंजिष्ठेचा लाल विकत आणावा लागतो. निळीच्या नादाला मी लागलो नाही. पिंपात बुडवलेलं सूत बाहेर काढल्यावर हिरवट दिसतं आणि हवा लागून डोळ्यांदेखत निळं होतं, हा चमत्कार मोठा खरा; पण त्या पिंपाचा वास आमच्या गल्लीने सहन केला नसता.

पुस्तकं एक गोष्ट सांगत नाहीत. त्यांतले सगळे रंग पांढऱ्या लोकरीवरचे असतात. दख्खनी मेंढी मुळात काळी. पांढऱ्यात काळं, काळ्यात करडं अशी तिची लोकर. त्या करड्या सुतावर पळसाचा केशरी चढला तो शिळ्या पिठल्याच्या रंगाचा. डाळिंबाच्या सालीने तो थोडा सावरला. बाभळीचा तपकिरी तेवढा मनासारखा, खोल आणि उबदार उतरला, कारण खालचा करडा त्याला आधार देत होता. हिराकसाने केलेला काळा घेऊन मी मोठ्या अभिमानाने वाड्यावर गेलो. मामांनी लड हातात धरून उन्हात नीट पाहिली.

"काळाच पाहिजे होता तर मेंढी काळी होती की सर."

विणकामाला सनगर माणूस लागतो. घोंगडीचं नाव काढलं की साताऱ्याकडचं म्हसवड आठवतं. तिकडच्या सोयऱ्यांमार्फत एका विणकराची गाठ पडली. खड्ड्यात पाय सोडून बसायचा माग, समोर ताणा ताणलेला. चिंचोके भाजून, भिजवून, वाटून, शिजवून केलेली खळ कुंच्याने त्या ताण्यावर फिरवलेली. ही खळ घोंगडीचा जीव आहे. राठ सुताचे उभे राहिलेले केस ती बसवते आणि सूत मागावर तुटू देत नाही. मी म्हटलं, मला घोंगडी नको, कोटाचं कापड हवंय, सलग. म्हातारबाबांनी धोटा थांबवला. घोंगडीला काठ असतो, सुरुवात असते, शेवट असतो. मीटरवर मोजून कुठेही थांबायचं ही कल्पना त्यांना अशुभ वाटली असावी. अखेर त्यांनी दोन लांबट घोंगड्याच विणल्या, दोन्ही टोकांना रीतसर काठ घालून. "कापायचं पाप तुमच्याकडे," असं त्यांनी निरोपात कळवलं.

ते पाप मी जिंतूरच्या शिंप्याकडे नेलं.

मास्टरांच्या दुकानात भिंतीवर संत नामदेवांची तसबीर आहे. ती असणारच. नर्सी इथून फार लांब नाही; हिंगोली १९९९ साली वेगळा जिल्हा होईपर्यंत ते आमच्याच परभणी जिल्ह्यात होतं. शिंप्याच्या घरातला हा माणूस तेराव्या-चौदाव्या शतकात इथून चालत पंजाबात घुमानपर्यंत गेला, आणि त्याच्या ६१ रचना शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात जाऊन बसल्या. पंजाबातल्या हिवाळ्यात नामदेवांनी अंगावर काय घेतलं असेल, असं मी मास्टरांना विचारलं. ते म्हणाले, "घोंगडीच. पण ती शिवून द्या म्हणून कोणाच्या मागे लागले नसतील."

कापड टेबलावर पसरून त्यांनी हात फिरवला, कडेचे दोन धागे ओढून पाहिले आणि कात्री खाली ठेवली. अडचणी खऱ्या होत्या. कापड कापलं की कडा सुटतात. म्हणून आधी ते गरम पाण्यात घालून, तुडवून, आटवून घ्यावं लागतं. त्यात ते हातभर आखडतं. पन्हा लहान, त्यामुळे पाठ एका तुकड्यात बसत नाही. शिवण दुहेरी झाली की ती इतकी जाड होते की पायमशीनचा दाब उचलला जातो. अठरा नंबरची सुई घातली तरी मोडते. कॉलरला आत कॅनव्हास घालायचा तर मान हलवायला जागा उरत नाही. अस्तर तर हवंच, नाहीतर घालणारा दिवसभर खाजवत बसेल. आणि मुंढ्याचा गोल आकार काढताना जे तुकडे वाया जातात, ते त्यांना बघवेनात.

"ह्याची बंडी करू," मास्टर म्हणाले. "नाहीतर बाराबंदी."

हा माणूस किती शहाणा आहे हे मला तेव्हा उमगलं. आपले जुने कपडे अरुंद मागाच्या कापडाला मान देऊन बेतलेले असतात. सरळ पट्टे, बगलेत चौकोनी तुकडा, घेराला कळ्या, बटणांऐवजी बंद. कात्री कमीत कमी चालते. अंगाच्या प्रत्येक वळणाप्रमाणे कापड कोरून काढायचं ही विलायती कोटाची खोड. पण मला विलायती कोटच हवा होता, दोन्ही बाजूंना खिसे आणि आत एक चोरखिसा असलेला. मास्टरांनी सुस्कारा सोडून टेप गळ्यात घातला.

विलायतेत हे कापड कसं निभावतं, हे मी त्यांना सांगितलं. स्कॉटलंडच्या पश्चिमेला समुद्रात आऊटर हेब्रिडीज नावाची बेटं आहेत. तिथल्या पिकल्या न पिकल्यासारख्या जमिनीवर मेंढ्या आणि वारा यांखेरीज फार काही नाही. तिथले लोक स्वतःसाठी जाडंभरडं लोकरी कापड विणत. १८४६ च्या सुमाराला डनमोर घराण्याच्या बाईसाहेबांनी ते आपल्या नोकरांसाठी विणून घेतलं, मग शिकारीला येणाऱ्या उमरावांना त्याचा नाद लागला, आणि हॅरिस ट्वीड जगभर गेलं. १९९३ साली ब्रिटिश संसदेने कायदाच केला की बेटावरच्या माणसाने आपल्या घरी, हाताने विणलेलं असेल तरच त्याला हॅरिस ट्वीड म्हणायचं. लोकर रंगवणं आणि सूत काढणंही तिथेच. रंगासाठी पूर्वी खडकावरचं शेवाळासारखं दगडफूल खरवडून आणत. त्या रंगाचे मोजे घालून समुद्रावर जाऊ नये, खडकावरून आलेलं पुन्हा खडकाकडे ओढलं जातं, अशी तिथल्या कोळ्यांची समजूत. आणि विणलेलं कापड आटवायला बायका टेबलाभोवती बसून, गाणी म्हणत, ते ओलं कापड आपटत. ओलं कशाने, तर साठवून आंबवलेल्या लघवीने. त्याने कापड स्वच्छ होतं आणि रंग पक्का बसतो.

मास्टरांनी हा शेवटचा तपशील शांतपणे ऐकून घेतला आणि कापडावरचा हात काढून घेतला. आपलं कापड चिंचोक्याचं आहे, हे मला दोनदा सांगावं लागलं.

त्या बेटांची गोष्ट ऐकायला गोड आहे, पण तीत एक मेख आहे. तिथे कोट उमरावाच्या अंगावर गेला तेव्हा कापडाला भाव आला. आपल्याकडेही शहरांतल्या प्रदर्शनांत घोंगडीची जाकिटं दिसू लागली आहेत, बरी खपतात, आणि खपावीत असं मला मनापासून वाटतं. बांधावरच्या ढिगापेक्षा ते कधीही चांगलं. तरी १८८८ साली पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या मेजवानीला जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेशात गेले होते, ते आठवतं. बाकीचे दागिने-झगे घालून आलेले. आपला वेश तिथल्या रिवाजाप्रमाणे बेतून न घेता ते गेले, म्हणून ती गोष्ट सव्वाशे वर्षांनी सांगितली जाते. घोंगडीला कॉलर लावली की तिला मेजवानीत शिरता येतं. तिथे जाऊन ती काय बोलते, हा भाग वेगळा. हैदराबादेत अर्थन ट्यून्स नावाच्या मंडळींनी याच लोकरीच्या कापडाचे, शेतकऱ्याला रानात घालता येतील असे बूट केले. मामांना मी ते सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पहिल्यांदा उजळला. कोटाचं त्यांना काही वाटलं नव्हतं, पण बूट म्हटल्यावर त्यांनी माप विचारलं.

कोटाच्या बाबतीत माझ्या पिढीचा पहिला अनुभव फोटो स्टुडिओतला आहे. जिल्ह्याच्या गावी स्टुडिओत खिळ्याला एक काळा कोट टांगलेला असे, त्याच्या खिशात रबराच्या पट्टीची टाय. नोकरीचा अर्ज असो की मुलीकडे पाठवायचा फोटो असो, ज्याला लागेल त्याने तो चढवायचा. बारीक माणसाला तो मागून चिमट्यांनी आवळायचे, जाड माणसाला पाठीत उभा उसवलेला असे. फोटोत पाठ येत नाही. पावडर आणि घाम यांचा त्याला एक कायमचा वास. त्या एका कोटात तालुक्यातले किती शिक्षक, तलाठी, कंडक्टर आणि नवरे छापले गेले असतील! दोन सख्खे साडू भिंतीवर शेजारी शेजारी एकाच कोटात टांगलेले मी पाहिले आहेत. त्या कोटाला मालक होता, पण माप नव्हतं. सगळ्या विलायती कोटांत घोंगडीच्या रीतीने वागलेला तो एवढाच.

मास्टरांनी कोट शिवला, आणि उत्तम शिवला. शिवणी आतून हाताने तुरपल्या, खांद्याला जोड आला तिथे तपकिरी पट्टी बेमालूम बसवली, विणकराने घातलेला काठ वाया जाऊ न देता खाली घेराला ठेवला. बटणं नारळाच्या करवंटीची. अंगावर चढवल्यावर पहिल्यांदा जाणवतं ते वजन; कोणीतरी वडीलधाऱ्याने दोन्ही खांद्यांवर हात ठेवून आता कुठे जाऊ नकोस म्हणावं इतकं. चिंचोक्याची खळ आटवताना बरीच निघून गेली होती, पण मेंढीचा वास गेला नव्हता. शेजारचं कुत्रं, जे एरवी माझ्यावर भुंकतं, ते माझ्यामागे जनावरं वळवल्यासारखं चालू लागलं.

मामांना दाखवायला गेलो. त्यांनी कोट अंगात घालून पाहिला, हात वर-खाली केले, मग मान वळवून पाठीमागे काहीतरी शोधू लागले.

"पाऊस आल्यावर डोक्यावर कसा घ्यायचा?"

मी म्हटलं, कोट डोक्यावर घ्यायचा नसतो. त्यांनी तो काढून मामींकडे दिला. मामींनी तो उलगडून मांडीवर घेतला, बाहीत हात घालून आतलं अस्तर चाचपलं आणि विचारलं, "दोघं झोपतील का याच्यात?" नाही म्हटल्यावर त्यांनी तो नीट घडी करून परत दिला.

मास्टरांना वाटत होतं, एवढ्या नेमक्या मापाचा कोट मी जपून वापरीन, सणासुदीला काढीन. पण आमच्या घरात खुंटीला जे लटकतं ते सगळ्यांचं असतं. पहिल्याच थंडीत पहाटेच्या एसटीला जाणाऱ्या पुतण्याने तो खेचला. त्याच्या तो गुडघ्यापर्यंत येतो. मग रात्री पाण्याच्या पाळीला जाणाऱ्या भावाने नेला आणि मोटारीशेजारी अंथरून त्यावर झोपला. त्याची मागची चीर वाढली. धाकट्या वहिनींनी हरभऱ्याच्या राखणीला नेला आणि बाह्यांची गाठ मारून त्यात सोलाणा भरून आणला. बटणं एक-एक करत सुटली तेव्हा कोणीतरी तिथे सुतळीचे बंद लावले. मास्टरांची बाराबंदी अशी मागच्या दाराने आली. उसवलेली पाठ शिवून घ्यायला गेलो तेव्हा त्यांनी कोट उलटसुलट केला, राखेचा, डिझेलचा आणि हरभऱ्याच्या आंबीचा वास घेतला.

"माप तुमचं घेतलं होतं ना सर?" एवढंच म्हणाले, आणि पाठीत दोन बोटं जादा माया सोडून शिवून दिला.

या हिवाळ्यात पुतण्याची परीक्षा सेलूला होती. कोट त्याने नेला, परीक्षा झाली, तो आला. कोट तिथे त्याच्या मित्राच्या आजोबांना आवडला म्हणून चार दिवस ठेवून आला. त्याच्या चोरखिशात माझं विजेचं बिल आहे, आणि भरायची शेवटची तारीख उद्याची आहे.